संदर्भासह आजी

काही शब्द कानावर पडले की माणसाला उगीचच आपण काहीतरी गुन्हा केला आहे असं वाटू लागतं. 'ऑडिट' हा त्यातला एक. 'एंडोस्कोपी' हा दुसरा. आणि ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं मूल आहे त्यांना अलीकडे कळलेला तिसरा शब्द म्हणजे 'ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी'. हा नीट उच्चारायलाच एक सेमिस्टर जातं. लिहायला दुसरं.

मराठीत त्याला सटीप संदर्भसूची म्हणावं. एखाद्या विषयावर आपण काय काय वाचलं त्याची यादी करायची आणि प्रत्येक नोंदीखाली चार-सहा ओळींची टीप लिहायची. यात काय आहे, लिहिणारा कोण, त्याच्यावर कितपत भरवसा ठेवावा आणि आपल्या कामाला याचा उपयोग काय. बस्स, एवढंच. आमच्या घरी वाण्याची यादी लग्न झाल्यापासून याच शास्त्रीय पद्धतीने होते. 'तूरडाळ दोन किलो : मागच्या खेपेची सात शिट्ट्या झाल्या तरी शिजली नाही, दुकान बदलणे. शेंगदाणे एक किलो : वरचे चांगले असतात, खाली हात घालून बघणे. गूळ : पिवळाधमक दिसतो तो नको, त्याच्या रूपावर जाऊ नये.' आमच्या सौभाग्यवतींना कोणत्याही विद्यापीठाने अजून पदवी दिलेली नाही, पण हिची यादी घेऊन गेलेला माणूस फसून परत येत नाही.

तेव्हा माझं भांडण सूचीशी नाही. ती यावी. प्रत्येकाला यावी. माझं भांडण आहे ते इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या पोरांना ती ज्या तऱ्हेने शिकवली जाते त्या तऱ्हेशी. आणि ते भांडण मी आज चारचौघांत करणार आहे. बँकेतल्या कारकुनाने शिक्षणात नाक खुपसू नये, असं कोणी म्हणेल. जरूर म्हणावं. पण गेली वीस वर्षं काउंटरमागे बसून मी दुसरं काय केलं? समोर आलेला कागद खरा की खोटा, एवढंच बघितलं.

सध्याची तऱ्हा अशी. कॉलेजात पहिल्या वर्षाला मुलांच्या हातात एक छापील कागद देतात. त्यावर साधनाची पारख करण्याचे पाच प्रश्न असतात. माहिती ताजी आहे का, आपल्या कामाची आहे का, सांगणारा अधिकारी आहे का, मजकूर अचूक आहे का आणि तो लिहिण्यामागे हेतू काय. कॅलिफोर्नियात चिको नावाच्या गावी राज्य विद्यापीठ आहे. तिथल्या ग्रंथालयातून २००४ साली ही पंचसूत्री निघाली. या पाच प्रश्नांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा जो शब्द होतो, तो सभ्य घरात मोठ्याने म्हणण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या पोराला तो ऐकून हसू येतं आणि म्हणून पाचही प्रश्न लक्षात राहतात. आमच्या सोलापूरच्या पोराला तो शब्दच माहीत नसतो. तेव्हा तो विनोदही पाठ करतो, आणि परीक्षेत तो शब्द पूर्ण गांभीर्याने लिहून येतो.

आता हेच पाच प्रश्न चेकला लावून बघा. तारीख काय आहे? तीन महिन्यांपेक्षा जुना चेक आम्ही घेत नाही. २०१२ च्या एप्रिलपूर्वी ही मुदत सहा महिने होती. चेक आपल्याच बँकेचा आहे ना? सही कुणाची आहे, आणि त्याला सहीचा अधिकार आहे का? अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम जुळते का? आणि पाचवा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हा गृहस्थ एवढी घाई का करतोय? चिकोच्या ग्रंथपालांनी आमच्या काउंटरवर एक सोमवार काढला असता, तर त्यांना हे पाचही प्रश्न जेवणाच्या सुट्टीआधी मिळाले असते.

बरं, बँकही सोडा. मराठी घरात लग्नाचं स्थळ येतं तेव्हा काय करतात? मुलाकडचे जो छापील परिचय पाठवतात, त्यावर कोणी शहाणा माणूस विसंबतो काय? 'मुलगा निर्व्यसनी, स्वभाव मनमिळाऊ' हे वाचून होताच तो कागद बाजूला ठेवतात, आणि मुलाच्या ऑफिसातला कोणी, वाड्यातला कोणी, आत्येच्या नणंदेच्या ओळखीतला कोणी, असे तीन ठिकाणी फोन जातात. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या दोघांनी नेमकं हेच शोधून काढलं. त्यांनी इतिहासाचे पंडित, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि बातम्यांची शहानिशा करणारे लोक यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. पंडित आणि विद्यार्थी त्याच पानावर बसून ते बारकाईने वाचत राहिले आणि बरेचसे फसले. शहानिशा करणारे मात्र चटकन ते पान सोडून बाहेर पडले आणि 'याच्याबद्दल दुसरे काय म्हणतात' ते बघून आले. याला तिकडे मोठं नाव आहे. आमच्याकडे याला 'चौकशी करणे' म्हणतात, आणि ती न करणाऱ्या बापाला नातेवाईक जन्मभर ऐकवतात.

म्हणजे ज्या पोरांना आपण 'यांना विचार करता येत नाही' म्हणतो, ती पोरं अशा घरातून आलेली असतात जिथे भाजीवालीपासून जावयापर्यंत प्रत्येक गोष्ट पारखून घेतात. मग कॉलेजात ही पारख जाते कुठे?

मी सांगतो कुठे जाते. ती इंग्रजीच्या दारात चप्पल काढून ठेवते.

आपल्याकडे कागद इंग्रजीत असला की तो अर्धा खरा ठरतो आणि गुळगुळीत इंग्रजीत असला की पूर्ण. मराठी वर्तमानपत्रातली बातमी वाचून 'ह्यॅ, काहीतरी छापतात' म्हणणारा माणूस तीच गोष्ट इंग्रजीत आली की चष्मा पुसून वाचतो. माझ्या काउंटरवर मराठीत अर्ज करणारा 'साहेब, जरा बघा ना' म्हणतो आणि इंग्रजीत अर्ज करणारा नुसता अर्ज सरकवतो. तोही माझ्यासारखाच मराठी शाळेतला असतो हे मला त्याच्या स्पेलिंगवरून कळतं, पण रुबाब बघा! या भाषेचा ज्याला धाक आहे, त्याला त्या भाषेतल्या मजकुरावर संशय घे म्हणून सांगणं म्हणजे नव्या सुनेला सासूच्या आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांग, असं बजावण्यासारखं आहे. कमी आहे हे तिला पहिल्या घासाला कळलेलं असतं. बोलायचं कुठल्या तोंडाने?

आणि गुळगुळीत इंग्रजी ही आता काही सचोटीची खूण राहिलेली नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात कोर्टापुढे जुने निवाडे दाखवले. त्यातले सहा निवाडे कधी झालेलेच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचून दिले होते. पक्षकारांची नावं, न्यायाधीशांची नावं, सगळं जागच्या जागी. एका वकिलाने त्या यंत्रालाच विचारलंही होतं की हा निवाडा खरा आहे ना? यंत्र म्हणालं, खरा आहे. म्हणजे स्थळाची चौकशी स्थळाकडेच! पाच हजार डॉलर दंड झाला. त्या दोघांचं इंग्रजी कच्चं होतं असं कोणी म्हणणार नाही. कच्ची होती ती चौकशी.

आता माझ्या पुतणीची गोष्ट सांगतो, कारण माझा खरा राग तिथला आहे. पुतणी सोलापूर जिल्ह्यात दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. आता पुण्यात आमच्याकडे राहून कॉलेजात जाते. कॉलेजचं नाव सांगत नाही. अशी कॉलेजं काही एक-दोन नाहीत. तिला सूचीसाठी विषय मिळाला १९७२ चा दुष्काळ. साधनं पाच, टिपा इंग्रजीत, गुण दहा.

पोरीने जीव ओतून काम केलं. वाचनालयात जाऊन ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांचं १९८९ चं 'हंगर अँड पब्लिक ॲक्शन' काढलं. त्यात महाराष्ट्रातल्या १९७० ते १९७३ च्या दुष्काळाची चर्चा आहे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, हा आकडा तिने मला वाचून दाखवला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्याची प्रत मिळवली. आणि पाचवं साधन म्हणून तिने आपल्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, समोर बसवलं. आईने त्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली आहे.

आई बोलायला लागली की थांबत नाही. "मिलो म्हंजे लाल ज्वारी बघ. अमेरिकेची म्हनायचे. भाकर कशी व्हायची, तर तव्यावरच तुकडं पडायचं. आन् सुकडी मिळायची पोरास्नी. तीन वरसं पानी न्हाई बघ." पुतणीने सगळं उतरवून घेतलं. मग तिने काय केलं असेल? आजी 'तीन वर्षं पाणी नाही' म्हणाली ते तिने पुस्तकाशी ताडून बघितलं. आजीची मजुरी दोन वेळा विचारली, दोन्ही वेळा वेगळी आली, म्हणून तो आकडा गाळला. आणि रात्री मला म्हणाली, "काका, आजी खरं सांगते, पण ती एकाच गावचं सांगते. आणि पन्नास वर्षांनी सांगते. साल चुकेल तिचं. भाकरीचं नाही चुकणार."

वाचकहो, सटीप संदर्भसूचीतली याहून चांगली टीप मला तरी लिहिता येणार नाही. साधन काय, त्याचा अधिकार किती, त्याची मर्यादा कुठे आणि उपयोग कशाला, चारही गोष्टी त्यात आल्या. तिने ती आपल्या इंग्रजीत लिहिली : 'माय ग्रँडमदर वर्क्ड देअर. शी नोज वन व्हिलेज. शी मे फर्गेट द इयर. शी डझ नॉट फर्गेट द फूड.'

वही परत आली. दहापैकी चार. आजीवर लाल रेघ आणि शेजारी शेरा : साधन नव्हे. टिपेखाली : इंग्रजी फार बाळबोध. आणि सगळ्या पानभर स्वल्पविरामांना लाल वर्तुळं, गोवर आल्यासारखी. तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाने प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर शब्दशः उतरवला होता. त्याला आठ. मलपृष्ठावरचा मजकूर प्रकाशक लिहितो, आणि तो पुस्तक खपावं म्हणून लिहितो. साधनाची पारख शिकवणाऱ्या तासाला हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आईला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी खडी फोडली ते त्या बाईला खोटं वाटलं व्हय रं?"

मला उत्तर देता आलं नाही. बाईही काही वाईट नाहीत. ऐंशी वह्या, प्रत्येकीत पाच टिपा, म्हणजे चारशे टिपा. चारशे मतं तपासण्यापेक्षा चारशे स्वल्पविराम तपासणं सोपं. स्वल्पविराम वाद घालत नाही. पण गंमत अशी, की ज्या अमेरिकी नियमावल्यांच्या नावाने हे गुण कापले, त्यांच्यातच आजीबद्दल एकमत नाही. एमएलएच्या पद्धतीत स्वतः घेतलेल्या मुलाखतीला यादीत मानाने जागा आहे. एपीएच्या पद्धतीत ती यादीत घालत नाहीत, मजकुरात सांगतात. एकीत साल लेखकाच्या मागोमाग येतं, दुसरीत शेवटाकडे जातं. आजी कुठे बसवायची यावर त्यांचा वाद असेल. आजी साधनच नव्हे, असं दोघीही म्हणत नाहीत.

आता माझ्यावर आक्षेप येतील, तेही घेऊन टाकतो. पहिला आक्षेप : मग शिस्त नकोच का? हवी ना! मी बँकेतला माणूस. एका शून्यापायी आम्ही रात्री आठपर्यंत बसतो. लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल हे ठरावीक क्रमाने का लिहायचं, तर उद्या दुसऱ्या कोणाला तेच पुस्तक तेच पान उघडून आपण खरं बोललो का ते बघता यावं म्हणून. हे कारण पोरांना एकदा सांगा, ती स्वल्पविराम आपणहून घालतील. कारण न सांगता नुसतं 'पहिली ओळ बाहेर, बाकीच्या आत' म्हटलं, की त्यांना ती सोवळ्याची भानगड वाटते.

दुसरा आक्षेप मोठा आहे : इंग्रजी शिकायचंय ना, मग विचारही इंग्रजीतच करायला नको का? यावर माझ्याकडे एक पुणेरी साक्षीदार आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, ती १९६६ साली पुरी झाली. १२५९ हस्तलिखितं त्यासाठी तपासली गेली. शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, मल्याळम, देवनागरी अशा नाना लिप्यांतल्या पोथ्या. कुठली जुनी, कुठली कुठलीवरून उतरवली, कोणत्या श्लोकात मागाहून कोणी भर घातली, हे ठरवत ठरवत ती माणसं पुढे गेली. पद्धत शिकायला त्यांचे प्रमुख संपादक वि. स. सुखटणकर बर्लिनला जाऊन आले होते, तेव्हा हे सगळं आपल्याच मातीत उगवलं असाही माझा दावा नाही. पण बघा, वाचलं संस्कृतात आणि प्रस्तावना लिहिली इंग्रजीत. आधी साधन आपलंसं केलं, त्याच्याशी भांडले, मग जगाला कळेल अशा भाषेत टीप लिहिली. मुलांच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा करतो. वाचणं, समजणं, संशय घेणं आणि ते परक्या भाषेत सुबक लिहिणं, ही चार कामं एकाच बैठकीत मागतो. मग पोर काय करणार? उतरवून काढणार. पूर्वी मलपृष्ठावरून, आता यंत्राकडून. आळस म्हणून नव्हे, अडचण म्हणून.

खरी शिकवण्यासारखी इंग्रजी वेगळीच आहे, आणि ती कोणी शिकवत नाही. मराठीत 'म्हणे' म्हणून एक इवलासा शब्द आहे. 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पडला म्हणे' यांत केवढा फरक! दुसऱ्या वाक्यात मी ऐकीव सांगतोय, जबाबदारी माझी नाही, हे सगळं दोन अक्षरांत आलं. इंग्रजीत त्यासाठी क्रियापदांची रांग उभी आहे. नुसतं सांगतो तो 'सेज', कळवतो तो 'रिपोर्ट्स', सुचवतो तो 'सजेस्ट्स', मुद्दा मांडून भांडतो तो 'आर्ग्यूज', आणि पुराव्याशिवाय ठोकून देतो तो 'क्लेम्स'. या पाच क्रियापदांतला फरक ज्या पोराला कळला, त्याला निम्मी सूची आली. पण तासाला शिकवतात काय, तर पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरांत. संशय घ्यायला शब्दच दिले नाहीत, तर पोर संशय घेणार कशाने?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची सोय केली, आणि चौथ्या वर्षी संशोधन करण्याचीही. आनंद आहे. पण मग हे काम फक्त शहरातल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांच्या बापाचं राहिलेलं नाही. म्हणून माझ्या मागण्या सांगून टाकतो. पहिले दोन आठवडे साधनांवर मराठीत भांडू द्या, आणि मुद्दाम एकमेकांशी न जुळणारी दोन साधनं द्या. पाचांपैकी एक साधन मराठी असलंच पाहिजे, आणि त्याला इंग्रजी साधनाइतकंच कडक तपासा, म्हणजे 'आपलं ते सोनं' हा रोगही जाईल. टीप आधी बोलून घ्या, मग लिहून. इंग्रजी सोपी चालेल. तीन वाक्यं, पण त्यातलं एक तरी दुसऱ्या कोणाचं नसलेलं. आणि दहा गुणांतले सात विचाराला, दोन भाषेला, एक स्वल्पविरामाला. स्वल्पविरामाने कुरकुर केली तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आमच्या धंद्याचा एक कायदा आहे, १८८१ चा. चेकवरची अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम यांत तफावत पडली, तर त्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरतात. साहेबाच्या राज्यात झालेला कायदा, पण शहाणा. कॉलेजातही हेच कलम लावावं. पोरीच्या वहीत अक्षरं एक सांगतात आणि वर लाल शाईतला आकडा दुसरं. अशा वेळी अक्षरं वाचावीत. वाचायला वेळ लागतो हे कबूल. आम्हालाही काउंटरवर रांग असते.